येतो म्हणून जाजो

माझी मुलगी स्कुटीला चावी लावते, कानात ती वायर कोंबते आणि "चल गं आई" एवढंच बोलून फाटक उघडते. मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर धावते. "काय म्हणायचं असतं?" ती डोळे फिरवते. "येते, येते, येते. तीनदा म्हटलं. जाऊ आता?" लोहाऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या बायकांना वाटतं, ही बाई शकुन-अपशकुन पाळणारी आहे. मी विहारात जाणारी बाई, शकुन-बिकुन मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते. पण घरातून कोणी 'येते' न म्हणता बाहेर पडलं, की ते माणूस परत दारात दिसेपर्यंत माझ्या फाटकाशी चकरा सुरू राहतात. पन्नाशी उलटली तरी हे गेलेलं नाही. ते कुठून आलं हे एकदा लिहून ठेवते, नाहीतर पोरगी जन्मभर मला येडी म्हणत राहील.

आमचं घर वस्तीच्या तोंडाशी होतं. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची घरं, मधे विहार, आणि गावातून येणारा रस्ता जिथे वस्तीला लागतो तिथलं पहिलं दार आमचं. त्यामुळे कोणीही वस्तीत आलं की आधी आमच्या मशीनचा आवाज ऐकायचं. बाबा शिंपीकाम करायचे. देवाजी त्यांचं नाव. घरात पायमशीन होती आणि बाजाराच्या दिवशी सायकलला बांधून न्यायला एक जुनी हातमशीन होती. दिवाळीपासून लग्नसराईपर्यंत पायमशीन सकाळी सुरू व्हायची ती दिवेलागणीलाच थांबायची. मधे फक्त दोऱ्याचं रीळ बदलायला किंवा चहाला. माय काज-बटण करायची, तुरपाई माझ्याकडे. चुलीत पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या तडतडायच्या, मशीन खटखटायची, आणि बाबा तोंडात टाचणी धरून गुणगुणायचे. टाचणी तोंडात असल्यामुळे त्या गाण्याचे शब्द काय आहेत हे मला कधीच कळलं नाही. हिवाळ्यात माय तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून टोपलीत ओतायची आणि बाबा मशीनवरून ओरडायचे, "दूर ठेव वं, कपड्याले डाग लागन." आम्ही दूर ठेवायचो. मग पाच मिनिटांनी तेच उठून टोपलीजवळ येऊन बसायचे.

बाबांचं बसणं मला आजही दिसतं. मांडी घालून, पाठ ताठ, एक गुडघा जरासा वर. भाकर खाताना, बोलताना, माप लिहून घेताना, सगळं तसंच बसून. "शिंप्याले बुड टेकवता आलं पायजे," ते म्हणायचे, "बाकीचं काम हात-पाय आपलं आपलं करते."

त्या हिवाळ्यातला एक बाजाराचा दिवस. मी अंगणात उन्हात तुरपाई करत बसले होते. सोळा वर्षांची असेन. माय विहिरीवर गेली होती. एक मोटारसायकल आली आणि थेट आमच्या दाराशी थांबली. दोघे होते, एक साध्या कपड्यातला आणि मागे बसलेला वर्दीतला. वर्दीतला चांगलं बोलला, ते मला आजही आठवतं.

"देवाजी शिंप्याचं घर हेच काय?"

"हाव."

"कुठी बसते तुहा बाप बाजारात?"

मला वाटलं साहेबाला ड्रेस शिवायचा असेल. खाकी कपडा, वर्दीची शिलाई, म्हणजे बाबांचं नाव होईल. मी सुई कपड्यात खोचून उभी राहिले आणि नीट पत्ता सांगितला. "निंबाच्या झाडाखाली बसते. मिरचीवालीच्या बाजूले. निळी ताडपत्री हाये वरतं." एवढं सांगून थांबले नाही. पाणी विचारलं. वर्दीतला हसला, नको म्हणाला, आणि ते गेले.

बाबा त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिरचीवालीचा निरोप आला की शिंप्याला पोलिसांनी नेलं, मशीन तिच्याकडे आहे. एका मोठ्या घरी बाबा लग्नाचे कपडे पोचवायला गेले होते आणि त्या घरातली सोन्याची पाटली सापडत नव्हती. त्या घरात त्या आठवड्यात पाहुणे आले होते, वाढपी आले होते, मांडववाले आले होते. पण आठवलं ते खालच्या वस्तीतला शिंपीच. पाटली कुठे गेली हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. ठाणं कोणतं, गाव कोणतं, हे मी लिहीत नाही. माझी मुलगी म्हणाली, "आता कशाला घाबरतेस?" घाबरत नाही असं म्हणणार होते. पण घाबरते, म्हणूनच लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोणाच्या तरी बैलबंडीतून बाबा आले. बंडीवाल्याने त्यांना उतरवलं आणि बैल वळवून तो लगेच निघून गेला. बाबा अंगणात उभे राहिले. माय म्हणाली, "बसा." ते बसले नाहीत. मग माझ्या लक्षात आलं की ते पायाच्या कडांवर उभे आहेत, तळवे जमिनीला लागू देत नाहीत.  मायने आंबेहळद उगाळली, पाणी तापवलं, त्यात मीठ टाकलं आणि मला म्हणाली, "तू बाहीर जाय." मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. आतून ओरडणं ऐकू येईल म्हणून कान झाकून घेतले. काहीच आलं नाही. हात काढले तरी काही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तळवे आठ-दहा दिवसांत सुधारले. पाठीवरचे वळ काळे पडून पिवळे झाले. पण मशीन चालू झाली नाही. एका सकाळी पाहिलं तर मशीनचा पट्टाच नव्हता. वरच्या चाकाला आणि खालच्या चाकाला जोडणारा तो चामड्याचा पट्टा, ज्याच्यावाचून मशीन म्हणजे नुसतं लोखंड. मी म्हटलं उंदराने नेला असेल. मायने घरभर शोधला. शेवटी ती उकिरड्यावर शेण टाकायला गेली तेव्हा तिला तो दिसला, खाली दाबलेला, वरून राख टाकलेली. तिने तो तिथेच राहू दिला आणि मला एवढंच सांगितलं की ठाण्यात मारायलाही पट्टाच असतो, त्याला नाव तेच आहे. मी त्यानंतर कितीतरी वर्षं तो शब्द तोंडातून काढला नाही. कमरेचा पट्टा म्हणायचं झालं तरी 'बेल्ट' म्हणायची.

आणि बाबा बसत नव्हते. जेवायचे उभ्याने, ताट भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून. कोणाची सावली दारात पडली की भिंतीला पाठ लावून सरळ उभे. कोणीही काही म्हटलं की "होय साहेब." मायला होय साहेब, मला होय साहेब. आधी वाटलं हळूहळू जाईल. मग एक दिवस एक कुत्रं चुलीपाशी आलं, भाकरीच्या दुरडीत तोंड घालायला लागलं. मी ओरडले, "हात्! ऊठ तथून! चाल, हो बाहीर!" कुत्रं पळालं. आणि माझ्या पाठीमागे बाबा, जे खाटेवर जरा आडवे झाले होते, ताडकन उठून उभे राहिले. मान खाली. दोन्ही हात पुढे, तळवे वर. छडी खायला शाळेत पोरं धरतात तसे. माझ्यापुढे.

 मी ते हात धरायला हवे होते. मी पळाले. विहाराच्या मागे जाऊन बसले आणि माझे दात वाजत होते, भर दुपारी, उन्हात. तेव्हापासून मी घरात हळू बोलायला लागले, आणि ती सवय मला अजून आहे. शाळेत शिकवताना मागच्या बाकावरची पोरं म्हणतात, "मॅडम, ऐकू नाही येत."

याच्यावर कळस म्हणजे सोमवार. दर सोमवारी अकरा वाजता ठाण्यात हजेरी लावायची, अशा बोलीवर त्यांना सोडलं होतं. पहिल्या सोमवारी परत आले तेव्हा मायने खोदून विचारलं. एका कागदावर सही कर म्हणतात, एवढंच सांगितलं त्यांनी. पाटली मी घेतली असा कागद. सही केली की हजेरी बंद. "तुमी नाई केली ना?" माय म्हणाली. बाबा म्हणाले, "होय साहेब." ते होय कशाला होतं, हे आम्हा दोघींना कळेना. दुसऱ्या सोमवारी जमादाराने सांगितलं होतं, सोमवार तीनच, चौथ्याला सही नाहीतर पुन्हा आत. त्यांना आत नेलं असतं तर ते परत आले नसते, हे मला लख्ख कळत होतं. आणि सही केली असती तर ते चोर होऊन आत गेले असते. दोन्हीकडून तेच.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती त्यांच्या निघण्याची. सोमवारी ते आंघोळ करायचे, पांढरा सदरा घालायचे, चपला घालायचे आणि निघून जायचे. 'येतो' म्हणायचे नाहीत. आमच्याकडे एकाच घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणत नाही. मयताच्या. मेलेल्याच्या घरी लोक बसायला येतात, दोन घटका बसतात, आणि उठून न बोलता चालते होतात. 'येतो' म्हटलं तर त्या घरी पुन्हा तसंच येणं होईल, म्हणून. बाबा आपल्याच घरातून तसे निघून जायचे. माय उंबऱ्यात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघायची, तिचे ओठ हलायचे, पण ती त्यांना आठवण करून द्यायला धजायची नाही. मी मग दिवसभर रस्त्याकडे कान लावून. मोटारसायकल वाजली की दारात, एसटीचा हॉर्न वाजला की दारात.

वस्तीतून कोणी आमच्याकडे येत नव्हतं. हे मी कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. लोक वाईट नव्हते, भ्यायले होते. शिंप्याकडे कोण कोण जातं हे विचारलं तर? विहिरीवर माय गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. ज्यांची पोलकी अर्धवट शिवून पडली होती त्या बायासुद्धा मागायला आल्या नाहीत. आमच्या शेजारची पार्बतामाय तेवढी कधी भिंतीवरून वाटीभर बेसन सरकवायची. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. कोणाकडे मयत झाली की बसायला जाणाऱ्यांच्या पुढे ती. कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं, घरच्यांना दोन घास कसे खायला लावायचे, हे सगळं तिच्याकडून शिकायचं. तिचा आवाज जाडाभरडा होता आणि तोंड फटकळ.

दुसऱ्या सोमवारनंतर नंदाताई आली. दवाखान्यातल्या नर्सबाईने मलम लावताना बाबांचे पाय पाहिले होते, तिने यवतमाळला कोणाला सांगितलं असावं. ठाण्यात मार खाल्लेल्या लोकांकडे जाणारी काही माणसं तिथे होती, त्यातली ही एक. चष्मा, खांद्याला झोळी, हातात वही. तिला पाहताच बाबा भिंतीला लागून उभे राहिले. ती म्हणाली, "मी साहेब नाही, भाऊ. तुमच्याशी बोलायला आले. समुपदेशन म्हणतात त्याला."

"होय साहेब," बाबा म्हणाले.

तिने वही झोळीत टाकली. बराच वेळ ती अंगणात नुसती बसली आणि बाबा उभे. मग तिने मायला विचारलं, "तुमच्या वस्तीत कोणावर वाईट वेळ आली, तर लोक काय करतात?"

"मेलं कोनी तं बसाले येते," माय म्हणाली.

"आणि जिवंत असेल तर?"

 मायने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात भिंतीपलीकडून पार्बतामायचा आवाज आला. ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. "बराबर इचारते थे पोरगी. मेल्याच्या घरी जाऊन आपुन काय उपेग करतो? थो काय उठून बसते? हा जिता माणूस हाये तं याच्या घरी कोनी फिरकत नाई!" मग ती कोणाला तरी हाक मारताना ऐकू आली, मग आणखी कोणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोक आले. आधी पार्बतामाय, मागून सात-आठ जणी, मग तीन-चार माणसं. जसे मयताला येतात तसेच, हळू, चपला बाहेर काढून, खाली बघत. एकीने भाकरी आणल्या, एकीने बेसन, ठेचा. अंगणात गोल करून बसले. कोणी काही विचारलं नाही, आणि तेच बरोबर होतं. बाबा मधे उभे. पार्बतामायने त्यांना बस म्हटलं नाही. तिने नुसता आपल्या बाजूचा जमिनीचा तुकडा हाताने झाडला आणि तसाच मोकळा ठेवला. तासभर कोणी बोललं नाही. मला वाटलं बाबांचा चेहरा जरा सैल झाला. मग पार्बतामाय उठली, तिच्यामागे सगळे उठले, आणि एकेक करून निघून गेले. न बोलता.

बाबा दाराकडे बघत राहिले. ते पांढरेफटक पडले होते. आल्यापासून पहिल्यांदाच ते कोणी न विचारता, आपणहून काही बोलले. मायला विचारलं, "मी मेलो का वं?"

मायच्या हातातलं भांडं पडलं. ती तशीच अनवाणी पार्बतामायकडे धावली. भिंतीपलीकडून मी ऐकलं, म्हातारीने कपाळावर हात मारल्याचा आवाज आणि मग शिवी. स्वतःलाच. थोड्या वेळात ती परत आमच्या दारात उभी. "देवाजी बाबू, सवय वं... सवय गा बापा, मेल्याघरची सवय! डोसक्यात भुसा भरला माह्या." मग बाकीच्यांची नावं घेत वस्तीभर ओरडली. गेलेली सगळी माणसं पुन्हा आली. कोणी अर्धी खाल्लेली भाकर हातात घेऊन, कोणी पोर कडेवर घेऊन. पार्बतामायने त्यांना अंगणात उभं केलं. "म्हणा. देवाजीले 'येतो' म्हणून जाजो."

"येतो गा, देवाजीभाऊ." "येतो." "उद्या येतो बरं का." एकेक जण बाबांसमोर येऊन म्हणाला. लाजत, पाठ म्हटल्यासारखं. मला हसू यायला हवं होतं, पण मी रडत होते. आणि भीतीही होतीच, कारण बाबांनी कोणालाच उत्तर दिलं नाही.

मग ते रोज यायला लागले. मयताकडे बसलं की लोक आपापली मयतं काढतात, आमचा बाप असाच गेला, आमची सून अशीच गेली. तसंच इथे झालं. चौथ्या दिवशी किसनभाऊ, जो वस्तीत कोणाशी फारसा बोलत नसे, खाली मातीत काडीने रेघा ओढत म्हणाला, "मलेबी नेलतं. लगन व्हायच्या आंधी. बायकोले अजून नाई सांगतलं." त्याची बायको तिथेच बसली होती. ती म्हणाली, "मले मालूम हाये. तुमी निजेत होय साहेब म्हणता." नंदाताई दर दोन दिवसांनी नेरला जाणाऱ्या एसटीने यायची, तीही गोलात बसायची, वही बाहेर न काढता. दुपारची उन्हं असायची, कोणी तूर सोलायचं, कोणी हाताने कापूस पिंजायचं. भीती गेली नव्हती. उलट प्रत्येकाच्या घरातली भीती आमच्या अंगणात येऊन बसत होती. पण ती एवढ्या जणांत वाटली की एकेकाच्या वाट्याला कमी येत होती.

माझं मात्र कोणाला माहीत नव्हतं. मी पत्ता सांगितला होता. निळी ताडपत्रीसुद्धा सांगितली होती, पाणी विचारलं होतं. सहाव्या दिवशी मी ते बोलून टाकलं. सगळ्यांसमोर, बाबांकडे न बघता. बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला की पार्बतामाय म्हणाली, "जोऱ्यानं सांग वं." मी पुन्हा सांगितलं.  मी वाट बघत होते की ते होय साहेब म्हणतील. तसं म्हटलं असतं तर मी विहिरीत उडी टाकली असती, खरंच.

बाबा मला म्हणाले, "मी तथीच बसतो वं, वंदे. साऱ्या बाजाराले मालूम हाये." आणि मग, "पानी इचारलं, चांगलं केलं. घरी आलेल्याले इचारा लागते."

मी वर बघितलं तेव्हा ते पार्बतामायने झाडून ठेवलेल्या जागेच्या अगदी काठावर उभे होते. बसले नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी ठाण्यातलं सांगितलं, उभ्यानेच, तुकड्या-तुकड्यानं. ते काय ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. नंदाताईने त्यांना विचारून वही काढली आणि लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं, सगळ्यांसमोर. पहिल्याच ओळीला बाबांनी हात वर केला.

"ताई, तुमी लिवलं, मारहाण झाली."

"हो भाऊ."

"झाली नाई. केली. पानी येते, रोग होते, थे आपोआप होते. हे केली."

नंदाताईने खोडलं आणि 'केली' लिहिलं. बाबांनी ते वाकून पाहिलं. नंदाताईने त्याच्या तीन प्रती केल्या, एक वर साहेबांकडे यवतमाळला द्यायची, एक तिच्याकडे, एक बाबांच्या खिशात. ती म्हणाली, हे वाचून काय होईल सांगता येत नाही, कदाचित काहीच नाही. आजच्या लोकांना वाटतं कागद केला की न्याय मिळतो. त्या कागदाचं पुढे काही झालं नाही. मी हेही लिहून ठेवते.

तिसरा सोमवार गेला. चौथा आला. बाबांनी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, कागद खिशात ठेवला. त्यांच्याने गुंडी लागेना. मायने लावली. ते चपला घालून बाहेर आले तर अंगणात माणसं. पार्बतामाय काठी घेऊन, किसनभाऊ, त्याची बायको, पंचवीस-तीस जण, पोटाशी भाकरीची फडकी बांधून. नंदाताई ठाण्याच्या गावीच उतरणार होती. "चाल," पार्बतामाय म्हणाली, "आमीबी येतो." अडीच कोस आम्ही चालत गेलो, पऱ्हाटीच्या वावरांमधून. कापूस वेचणाऱ्या बाया थांबून बघत होत्या. सगळे भ्यायलेले होते. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण अशा गोष्टी सांगताना लोक आपल्याला शूर करून टाकतात. किसनभाऊ वाटेत दोनदा झाडाआड गेला. 

ठाण्याच्या आवारात एक मोठं निंबाचं झाड होतं. त्या झाडाखाली नंदाताई उभी होती, तिथेच आम्ही थांबलो. दारातल्या शिपायाने बाबांना बोट करून बोलावलं. बाबा निघाले. पायरीपर्यंत गेले. माझं सगळं अंग कान झालं होतं. ते पायरीवर थांबले, वळले आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "येतो."

मोठ्याने नाही. पण म्हणाले. आणि आत गेले.

मायने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पार्बतामाय मटकन खाली बसली आणि तिच्यामागे सगळे बसले, मयताला बसतात तसेच, गोल करून. जमादार बाहेर आला. तो तोच नव्हता जो आमच्या घरी आला होता, पण त्याला पाहून मी मायच्या मागे सरकले.

"कायले आले बे एवढे?"

पार्बतामाय म्हणाली, "बसाले आलो, साहेब."

"बसाले? कोन मेलं?"

"कोनी नाई मेलं." तिचा जाडाभरडा आवाजसुद्धा कापत होता. "मेल्यावर तं सारेच बसते."

तो आमच्याकडे बघत राहिला. उठवायचं तर काय म्हणून उठवणार? कोणी घोषणा देत नव्हतं, कोणी काही मागत नव्हतं. बायका पदर सावरून गप्प बसल्या होत्या. बसायला आलेल्याला जा म्हणायचं नसतं, हे त्याच्या घरीही त्याला शिकवलेलं असणार. तो आत गेला. मग बराच वेळ काही नाही. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेव्हा मी डोळे मिटले. निंबाची पिकली पानं आमच्या अंगावर पडत होती, आणि मी ओरडण्याची वाट बघत होते.

चपलांचा आवाज आला. बाबा पायरी उतरत होते. स्वतःच्या पायांनी, तळवे टेकवत. ते गोलापाशी आले. माय आणि माझ्यामधे, पार्बतामायने कधी झाडला ते मी पाहिलं नाही, पण जमिनीचा एक तुकडा मोकळा ठेवलेला होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग चपला काढल्या आणि बसले. मांडी घालून, एक गुडघा जरासा वर.

"नाई केली सही," ते मला म्हणाले. त्यांचा सदरा पाठीवर घामाने चिंब झाला होता.

जमादार पुन्हा दारात आला. "झालं ना तुमचं? उठा आता. ए शिंप्या, ऊठ!"

 ऊठ. मी बाबांच्या हातांकडे बघितलं. ते मांडीवर होते. मांडीवरच राहिले. बाबांनी मान वर केली.

"बसून राह्यलो, साहेब," ते म्हणाले. "दम घेतो अन् जातो."

आणि आम्ही तिथे बसून भाकरी खाल्ल्या. मला एक घास गिळायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. हजेरी नंतर आणखी दोन महिने चालली, मग आपोआप बंद पडली, कोणी काही सांगितलं नाही. दर सोमवारी कोणी ना कोणी बसायला जायचं. मायने बाजारातून मशीनला नवा पट्टा आणला तो तीन आठवडे खुंटीवर लटकला, मग एका दुपारी बाबांनी तो स्वतः चढवला. आणि मोटारसायकल वाजली की ते मरेपर्यंत उभे राहायचे, सत्तरी उलटली तरी. सगळं बरं होतं असं नाही.

ते गेले त्याला चार वर्षं झाली. म्हातारपणाने, झोपेत, स्वतःच्या घरात. वस्तीतली माणसं बसायला आली. पार्बतामाय तर केव्हाच गेलेली, आता तिच्या सुना, नातसुना. अंगण भरलं. दोन घटका बसले, आणि मग उठले. आणि पहिला उठला तो किसनभाऊ, आता कमरेत वाकलेला. दारात वळला आणि सवयीने म्हणाला, "येतो गा, देवाजीभाऊ."

त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने जीभ चावली. त्याच्या मागची बाई थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी 'म्हणा' म्हणून मान हलवली. मग सगळेच म्हणाले.